वाचकांचे प्रश्न : हाक मारली तरी वळत नाही

प्रश्न : मुलगा १९ महिन्यांचा आहे. हाक मारली तर वळत नाही, पण मोबाईलवर गाणं लागलं की आतल्या खोलीतून धावत येतो. इंग्रजी आकडे दहापर्यंत घडाघडा म्हणतो, 'आई' मात्र म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. वाट पाहावी का?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नाही. बाबा उशिरा बोलले असतीलही, पण इथे शब्द मोजण्याआधी दुसरं काही पाहायचं असतं. नुसतं उशिरा बोलणारं मूल शब्दांवाचूनही भरपूर सांगत असतं. खिडकीत कावळा दिसला की बोट दाखवतं, आधी कावळ्याकडे आणि मग तुमच्याकडे बघतं. 'मी बघतोय ते तूही बघ' ही देवाणघेवाण कमी असेल, तर स्वमग्नतेची म्हणजे ऑटिझमची तपासणी करून घ्यावी. आकडे पाठ म्हणणं आणि 'पाणी दे' म्हणणं ही दोन वेगळी कामं आहेत.

घरी तीन गोष्टी करून पाहा. टीव्ही बंद ठेवा, तो खेळात असताना मागून तीन-चार फुटांवरून नेहमीच्या आवाजात नाव घ्या. थोड्या थोड्या वेळाने तीन-चारदा. टाळी नको, हातात खाऊचं पाकीट नको. नाहीतर तो नावाला वळला की पाकिटाच्या आवाजाला, हे कळायचं नाही. मग पंख्याकडे बोट करून 'तो बघ पंखा' म्हणा. पंख्याकडे बघतो, नुसत्या बोटाकडे, की कुठेच नाही? शेवटी, बिस्किटाचा डबा हवा असताना तो काय करतो ते पाहा. तुमचं मनगट धरून हात डब्यावर नेऊन ठेवत असेल आणि चेहऱ्याकडे बघतच नसेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरात याचं 'बघा, किती हुशार' म्हणून कौतुक झालेलं असतं, त्यामुळे ते सांगायचं राहून जातं.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे. ती भरताना दोन चुका हमखास होतात. एक, 'कधीतरी केलं होतं' म्हणून 'हो' लिहिलं जातं. एकदा-दोनदाच केलेली गोष्ट 'नाही'मध्ये धरायची. म्हणून दिवसभर बाळाजवळ असणाऱ्या माणसाला, आजी असोत की सांभाळणाऱ्या मावशी, शेजारी बसवून भरा. दुसरी चूक गुण मोजताना होते. बहुतेक प्रश्नांना 'नाही' हे काळजीचं उत्तर आहे, पण २, ५ आणि १२ या प्रश्नांना 'हो' काळजीचं. बेरीज २ पर्यंत असेल तर धोका कमी, ३ ते ७ असेल तर पुढचे खुलासेवार प्रश्न विचारून घ्यावे लागतात, ८ किंवा जास्त असेल तर थेट तज्ज्ञांकडे. हे निदान नव्हे, चाळणी आहे. आणि बेरीज कमी आली तरी तुमची शंका जात नसेल, तर तपासणी करून घ्याच.

गाण्याला धावतो म्हणजे कान ठीक, असं धरू नका. काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, असं होऊ शकतं. बेरा ही श्रवणचाचणी आधी करा.

दवाखान्यातल्या दहा मिनिटांत मूल एक तर रडतं, नाहीतर अगदी शहाण्यासारखं वागतं. म्हणून दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्या : एकट्याने खेळताना, जेवताना, दुसऱ्या मुलांमध्ये. चित्रण करताना 'इकडे बघ' म्हणत राहू नका. आधी तुमचे बालरोगतज्ज्ञ, मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. अपॉइंटमेंट लांबची मिळाली तरी स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (खेळणं, जेवणं अशा रोजच्या कामांचा सराव) त्यासाठी अडवून ठेवू नका.

मोबाईल बंद कराच, पण 'तीन महिने मोबाईल बंद करून बघू, मग डॉक्टर' असं नको. मोबाईलमुळे स्वमग्नता होते हे सिद्ध झालेलं नाही. तो समोरासमोरच्या गप्पांचा वेळ खातो, एवढं नक्की.

प्रश्न : २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, सोसायटीत पालकांसाठी कार्यक्रम करायचा आहे. काय ठेवावं?
— काही पालक, नेरूळ

उत्तर : निळे फुगे कमी आणि माहिती जास्त ठेवा. २ एप्रिललाच हवं असं नाही, जवळच्या रविवारी सकाळी पाऊण तास पुरे. लिफ्टशेजारी लावायच्या फलकावर प्रत्येक लक्षणापुढे वय लिहा. वयाशिवायच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि आठ महिन्यांच्या बाळाची आई उगाच घाबरते. एवढं लिहा : १२ महिने – बडबड नाही, टाटा किंवा दुसरी खूण नाही, नावाला प्रतिसाद नाही. १६ महिने – एकही शब्द नाही. १८ महिने – काही दाखवण्यासाठी बोट करत नाही. २४ महिने – स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. कोणत्याही वयात – येत असलेले शब्द किंवा हावभाव गेले.

पाळणाघराच्या ताई आणि प्लेग्रुपच्या शिक्षिकांना मुद्दाम बोलावा. त्यांच्यासमोर एकाच वयाची पंधरा मुलं असतात, फरक त्यांना आधी दिसतो. सोसायटीतल्या कुठल्याही मुलाकडे बोट करून उदाहरण देऊ नका. फलकाखाली कुठे जायचं तेही लिहा : खारघरचं केंद्र, वाशीतलं महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र. स्टेम सेल किंवा ऑक्सिजन चेंबरने 'बरं करतो' म्हणणाऱ्यांना व्यासपीठ देऊ नका. त्याला पुरावा नाही आणि पालकांचे लाखो रुपये त्यात जातात.

प्रश्न : गोवर-रुबेलाची लस दिल्यावरच भाचीचं बोलणं थांबलं. संबंध असेल का?
— कळवा, ठाणे

उत्तर : नाही. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि शब्द गळायला लागल्याचं बहुधा याच सुमारास लक्षात येतं, म्हणून गाठ घातली जाते. हा संशय पसरवणारा १९९८ सालचा लेख १२ मुलांवर बेतलेला होता. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. भाचीची तपासणी मात्र याच आठवड्यात ठरवा, शब्द जाणं हे थांबून पाहायचं लक्षण नाही. धाकट्या भावंडाचा डोस राहिला असेल तर तो महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतो.