कॉर्निश शिकायचीय? आधी 'ट्रे' पक्का कर

मस्त, कर सुरुवात! कॉर्निश म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची भाषा. 'ट्रे' म्हणजे मुळात शेतवाडी, वस्ती, मग गाव. वेल्श भाषेतला 'ट्रेव्ह' हा त्याचाच सख्खा भाऊ, आणि कॉर्नवॉलच्या नकाशावर ट्रे-ने सुरू होणारी गावं ढिगाने सापडतील. सध्या एवढंच बघ:

१. शब्द लिंगासकट पाठ कर. ट्रे स्त्रीलिंगी आहे, नपुंसकलिंग तिकडे नाहीच, म्हणजे आपल्यापेक्षा एक भानगड कमी.

२. आधी 'अन' (इंग्रजीतल्या 'द'सारखा) लागला की 'अन ड्रे' होतं, नवीन लोक डिक्शनरीत 'ड्रे' शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणून वैतागतात, अरे ट्रे-खाली बघ ना. विशेषण मागून येतं आणि तेही बदलतं, 'ब्राझ' म्हणजे मोठा पण 'ट्रे व्राझ'.

बाकीचे अक्षरबदल आत्ता नकोच. स्पेलिंगसाठी २००८ मध्ये ठरलेला 'स्टँडर्ड रिटन फॉर्म' धर, जुन्या पद्धती मिसळल्यास तर डोकं फिरेल.