ओलावा सेन्सरच्या आकड्यावर डोळे झाकून ठिबक चालवू नका

प्रश्न (अंबड, जि. जालना): मोसंबीच्या काळ्या जमिनीत सेन्सर 20 टक्के ओलावा दाखवतो. दुकानदार म्हणाला, रोज ठिबक चालवा. आता पानं पिवळी पडलीत, बुंध्यातून डिंक येतोय. सेन्सर नेमकं मोजतो काय?

उत्तर: आधी ठिबक बंद करा. डिंक खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, ड्रिपर बुंध्यापासून लांब सरकवा.

तुमचा सेन्सर थेट पाणी मोजत नाही. दांड्यांभोवतालची माती विद्युत क्षेत्रात किती ऊर्जा साठवते, म्हणजे तिचा डायलेक्ट्रिक स्थिरांक, तो पकडतो. हवेचा 1, कोरड्या मातीचा साधारण 3 ते 5, पाण्याचा 80 च्या आसपास. या फरकावरून टक्के काढतात. त्यासाठी टॉप (Topp) या शास्त्रज्ञाचं आणि सहकाऱ्यांचं 1980 चं समीकरण सर्रास वापरतात, पण भारी चिकण जमिनीत ते चुकतं. कणांना घट्ट चिकटलेल्या पाण्याचे रेणू क्षेत्राबरोबर मोकळे वळत नाहीत, म्हणून पाणी कमी दिसतं. त्यात भेग पडून दांडीलगत हवा शिरली की आकडा कोसळतो. मराठवाड्यातल्या बागांत हे सारखं दिसतं: खाली चिखल आणि मोबाईलवर दुष्काळ. अशा आकड्यावर रोज पाणी द्यायला सांगणारा दुकानदार मुळं कुजवतोय. त्याचं ऐकू नका.

ठिबकमधून खत सोडलं की उलटा घोळ होतो. क्षारांमुळे, विशेषतः स्वस्त सेन्सरमध्ये, आकडा फुगतो आणि झाड तहानेलं राहतं. खत सोडल्यावर लगेचच्या आकड्यावर निर्णय नको. वाचन रोज पहाटे, एकाच वेळी घ्या.

माझा आग्रह एकच, सेन्सर आपल्या मातीवर जुळवून घ्या. सेन्सरशेजारची, मुळांच्या खोलीवरची माती ठरावीक मापाच्या नळीने काढा, वजन करा, ओव्हनमध्ये 105 अंशांवर 24 तास वाळवून पुन्हा वजन करा. 130 ग्रॅमची 100 झाली तर वजनाने 30 टक्के. घनता (कोरडं वजन भागिले नळीचं आकारमान) 1.3 असेल तर आकारमानाने 39. सेन्सर आकारमानाचे टक्के दाखवतो, दुकानदार वजनाचे समजून बोलतो. इथंच हिशेब चुकतो. ओली, वाफशाची, कोरडी अशा तिन्ही अवस्थांत हे करा आणि सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहा. तोवर दुकानदाराने ॲपमध्ये भरून दिलेल्या मर्यादेवर मोटर चालू करू नका. अजिबात नको.

ठिबकसाठी प्रति थेंब अधिक पीक योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकांना 55, इतरांना 45 टक्के अनुदान, राज्याचं पूरक वेगळं. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमतीआधी खरेदी करू नका, दुकानदार कितीही घाई करो.