म्युझियममधल्या जुन्या गोगलगायी परत तपासून काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच गोळा करून, ओळखून, नाव लावून ठेवलेत, मग आता परत तपासायचं कशाला. मी अशा कलेक्शनवर बरीच वर्षं काम करतेय. लेबलवरचं नाव म्हणजे ते लावणाऱ्याचं त्या वेळचं मत असतं, पुरावा असतो तो शंख, ठिकाण आणि तारीख यांचा. आम्ही परत तपासतो ते मत.

आणि ते चुकायची शक्यता या प्राण्यांत खूप जास्त, कारण शंखाचा आकार पाण्याप्रमाणे बदलतो. फायसा अक्युटा या गोगलगायीचंच बघा, आजूबाजूला गोगलगायी खाणारे मासे असतील तर तिचा शंख जास्त गोलसर होतो, मग एकाच प्रजातीला लोकांनी ठिकठिकाणी वेगवेगळी नावं दिली तर नवल काय! तिला १८०५ मध्ये ड्रापार्नो या फ्रेंच अभ्यासकाने फ्रान्समधून नाव दिलं, १८१७ मध्ये थॉमस से या अमेरिकन अभ्यासकाने अमेरिकेतून दुसरं दिलं, आणि २००२ मध्ये दोन्हीकडच्या गोगलगायींचा संकर करून बघितला तेव्हा कळलं की दोघी एकच. ती मूळची अमेरिकेची, पण नाव आधीचं म्हणून फ्रान्सवालं टिकलं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. १८८९ मध्ये एडगर स्मिथ या ब्रिटिश अभ्यासकाने इंग्लंडमधल्या थेम्सच्या खाडीतली एक बारीकशी गोगलगाय नवीन प्रजाती म्हणून नोंदवली, हायड्रोबिया जेन्किन्सी. कित्येक दशकं ती तिथलीच समजत होते, पण ती निघाली न्यूझीलंडची, जिचं वर्णन ग्रे नावाच्या अभ्यासकाने १८४३ मध्येच करून ठेवलं होतं. तिच्या माद्या नराशिवाय पिल्लं देतात, त्यामुळे एक जरी नव्या पाण्यात पडली तरी पुरे. अशी परकी प्रजाती कुठल्या साली कुठपर्यंत पोचली होती ते शोधायचं तर जुने ड्रॉवरच उघडावे लागतात, भले आत नाव चुकीचं का असेना.

कधी कधी शंखात वाळलेलं मांस राहिलेलं असतं, त्यातनं डीएनए मिळू शकतो. अल्कोहोलमधला नमुना असला तर आशा बरी, फॉर्मॅलिनमधला असला तर डीएनए इतका खराब झालेला असतो की जीव रडकुंडीला येतो. लाकडी कपाटांचाही त्रास आहे, लाकडातनं येणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शंखावर पांढरी पूड चढते, त्याला बाइन्स डिसीज म्हणतात, आणि खाल्ला गेलेला शंख काही परत येत नाही.

पण माझा खरा जीव लेबलात अडकलेला असतो. एका ठिकाणी कुणीतरी नीटनेटकेपणाच्या नादात हाताने लिहिलेली जुनी लेबलं फेकून टाइप केलेली नवीन लावली होती, त्यात ओढ्याचं नाव गाळून फक्त जिल्हा ठेवलेला. शंख छान आहेत, पण आता ते नेमके कुठले हे कुणालाच सांगता येणार नाही, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

याउलट, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली लेप्टॉक्सिस कॉम्पॅक्टा ही गोगलगाय २००० मध्ये नामशेष जाहीर झाली होती, ती २०११ मध्ये कहाबा नदीत जिवंत सापडली, तीही एका छोट्याशा पट्ट्यात. पूर्वी ती त्या नदीत कुठे कुठे होती हे आज कळतं ते जुन्या संग्रहांमुळेच, कारण तेव्हा कुणीतरी नदीचं आणि जागेचं नाव चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं.