अण्णांचं गॅरेज : प्रश्न तुमचे, उत्तरं उद्यमनगरातून

प्रश्न : अण्णा, माझा मुलगा गेल्या महिन्यात १८ वर्षांचा झाला. रोज एसटीने कोल्हापूरला कॉलेजला येतो. आता मोटारसायकल पाहिजे म्हणतो, तीही मोठ्या इंजिनाचीच. माझ्या भावाचा पाय अपघातात मोडला, तेव्हापासून दारात गाडीचा आवाज आला तरी माझ्या छातीत धस्स होतं. सरळ नाही म्हणू का?
– एक आई, राधानगरी तालुका

ताई, तुमचं पत्र गॅरेज बंद केल्यावर दोनदा वाचलं. नाही म्हणू नका. तुम्ही नाही म्हटलंत तरी पोरगं मोटारसायकलवर बसणारच. ती मित्राची असेल, टायर गुळगुळीत झालेले असतील आणि डोक्यावर काही नसेल. घरची गाडी असली की तिचे ब्रेक शेवटचे कधी बघितले हे तरी आपल्याला ठाऊक असतं.

मोठं इंजिन मात्र पहिल्या वर्षी नको. उद्यमनगरात मी ३४ वर्षं गाड्या खोलतोय. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर वर्षभर हात बसू दे, मग पुढचं बघा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. पोराला हे गणित सोडवता येईल, पण हाताला आणि पायाला ते कळायला एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम जावा लागतो.

तुमच्या रस्त्यावर मला सगळ्यात जास्त धास्ती त्या उसाचीच वाटते. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची टोकं बाहेर आलेली. १९९९ च्या जानेवारीत मी स्वतः त्यात सापडलो. राधानगरीहून परत येत होतो, संध्याकाळचे सात वाजलेले, वेग पन्नासच्या आसपास. समोरून ट्रक आला, त्याचा अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, थेट डोळ्यांवर. ट्रक निघून गेला आणि पुढ्यात ट्रॉली उभी. चाक पंक्चर, मागे दगड लावलेला, जवळ माणूस कोणी नाही. मी ब्रेक मारला, गाडी आडवी झाली आणि खांदा फाळक्यावर आदळला. गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना मंडळींनी मला हाताने भरवलं.

पन्नासचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. डोळे दिपले ते दोन सेकंद धरले, तर २८ मीटर मी काहीच न बघता गेलो. त्या दिवशीचं हेल्मेट अजून गॅरेजात खिळ्याला टांगलेलं आहे. हनुवटीच्या उजव्या बाजूला उसाच्या टोकाने चर पाडलीय, करंगळीचं नख बसेल एवढी खोल. नवी गाडी घेऊन पोरगा आला की मी त्याला त्या चरीवरून बोट फिरवायला लावतो. तुमच्याही मुलाला घेऊन या.

हेल्मेट तोंड झाकणारंच घ्या, आयएसआय शिक्का बघून. दुकानात त्याच्या डोक्यात घालून डावी-उजवीकडे हलवा. हेल्मेटबरोबर गालाची कातडी ओढली गेली पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरलं तर ते मोठं आहे. आतला थर्माकोल मार बसला की दबतो आणि पुन्हा फुगत नाही, त्यामुळे एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी वापरू नये. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट तर डोक्याआधी रस्त्यावर पोचतं, हे मी बघितलंय.

मुलाला एवढं सांगा : समोरून अप्पर आला की अॅक्सिलरेटर सोडायचा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. हंगामात दिवस मावळायच्या आत घरी. कॉलेजात उशीर होणार असेल त्या दिवशी गाडी घरीच, एसटी आहेच.

एक कागदाची गोष्ट, बहुतेकांची इथेच चूक होते. नव्या गाडीबरोबर ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी. सक्तीचा १५ लाखांचा अपघात विमा असतो तो गाडीच्या मालकासाठी. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगा, तर त्या विम्यातून मुलाला काही मिळत नाही. तो १८ चा झालाय, परवाना काढा, गाडी त्याच्याच नावावर घ्या आणि तो विमा संपू देऊ नका.

आणि ताई, त्याची हौस वाईट नाही. डिसेंबरात सकाळी गुऱ्हाळाजवळून जाताना हेल्मेटची काच वर केली की काकवीचा वास आत भरतो. रस्ता भोगावती नदीच्या जवळ आला की गारवा एकदम मांड्यांना लागतो आणि चार वळणं पुढे पुन्हा ऊन. मी आजही त्यासाठी गाडी काढतो. त्यालाही हे मिळू दे.

प्रश्न : वडील वारल्यापासून त्यांची येझदी मोटारसायकल ८ वर्षं गोठ्यात उभी आहे. चालू करायची आहे. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

दादा, आधी किक मारू नका. हात शिवशिवत असतील, तरी नको. आठ वर्षांत टाकीत गंज धरलेला असणार आणि किक मारली की तो कार्बोरेटरमध्ये उतरणार. टाकी उतरवा, जुनं पेट्रोल काढा, रबरी पाइप सरळ फेकून द्या, कार्बोरेटर खोलून धुऊन घ्या. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर राहू दे, मग प्लग न लावता हळूहळू इंजिन फिरवा. ते मोकळं फिरलं तरच पुढे. क्रँकची ऑइल सील वाळलेली असतील, ती बदलायची तयारी ठेवा. टायर कितीही चांगले दिसले तरी नवे घ्या, उभ्या उभ्या रबर कडक होतं. इंजिन टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये त्याचं टू-टी ऑइल मिसळायला विसरलात तर पिस्टन जाम होईल.

येझदीचा गिअर आणि किक एकाच दांडीवर. दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक. माझ्याकडच्या नव्या पोरांना हे पहिल्यांदा दाखवलं की ती चकित होतात. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ ला बंद पडला, तरी सुटे भाग अजून मिळतात.

कागदं मात्र गाडी रस्त्यावर काढायच्या आधी. वारसाच्या नावावर करायला आरटीओचा ३१ नंबरचा फॉर्म लागतो, सोबत मृत्यूचा दाखला. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नव्याने ५ वर्षांसाठी करावी लागते, गाडी दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. विमाही तुमच्या नावाने. वडिलांच्या नावाच्या कागदांवर एक फेरीसुद्धा मारू नका.

पहिल्यांदा सुरू झाली की आईला बाहेर बोलवा. तो आवाज त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं ऐकलाय.

प्रश्न : मी ४२ वर्षांची आहे, १५ वर्षं स्कूटर चालवते. गिअरची मोटारसायकल आता शिकता येईल का? सगळे हसतात.
– एक वाचक, राजारामपुरी

येईल. रस्ता वाचायला तुम्हाला येतोच, ते शिकवायला सगळ्यात अवघड असतं. विनागिअर परवान्यावर गिअरची गाडी चालत नाही, तेव्हा आधी शिकाऊ परवाना काढा.

रविवारी सकाळी मेरी वेदर मैदानाच्या कडेला, गर्दी व्हायच्या आत. पहिला तास अॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही. पहिला गिअर टाकून क्लच केसाएवढा सोडायचा, गाडी पुढे ओढायला लागली की पुन्हा दाबायचा. असं पन्नास वेळा. नंतर ब्रेक. पुढचा ब्रेक मारलास तर पालथी पडशील असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. गाडी थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकाच वेळी, पुढचा लिंबू पिळल्यासारखा हळूहळू आवळत जायचं. वाळू, चिखल किंवा वळण असेल तर त्याच्या अलीकडेच वेग कमी करून घ्यायचा.

महिनाभराने पन्हाळ्याला जा, वाघबीळच्या घाटातून. चढताना दुसऱ्या गिअरवर, उतरतानाही दुसऱ्यावरच.