ऑर्किडची पानं लुळी पडली, पाणी वाढवू का?

प्रश्न : भेट मिळालेल्या फॅलेनोप्सिस जातीच्या ऑर्किडची फुलं गळल्यावर पानं लुळी पडून सुरकुतली आहेत. रोज थोडं पाणी घालते, तरी फरक नाही. पाणी वाढवू का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नाही, पाणी आधी थांबवा. मुळं सुकली तरी पानं लुळी पडतात आणि कुजली तरीही. दोन्हींत पाणी पानांपर्यंत पोचतच नाही. रोज पाणी मिळत असेल तर मुळं कुजल्याचीच शक्यता दाट. ही जात झाडांच्या खोडांवर वाढणारी, तिच्या मुळांना हवा पाण्याइतकीच लागते.

रोप कुंडीतून काढून पाहा. बऱ्याचदा मधोमध मॉसचा (वाळलेल्या शेवाळाचा) गोळा निघतो, वरून कोरडा, आत ओलाचिंब. तो सगळा काढून टाका. मग एकेक मूळ चिमटीत दाबा. कडक लागलं तर ठेवा. दाबताच पिचकलं, साल निसटून हातात नुसता दोरा राहिला, तर निरोगी भागापर्यंत कापा. कात्री आधी ज्योतीवर धरून घ्या. दालचिनीची पूड कापलेल्या टोकांनाच लावा, चांगल्या मुळांना ती सुकवते.

कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची, भरपूर भोकांची आणि मुळं जेमतेम मावतील एवढीच. तिच्यात भरायला ३ भाग पाइनची साल किंवा नारळाच्या सोडणाचे २ सें.मी.चे तुकडे, १ भाग लाकडी कोळसा. सोडणात क्षार असतात, म्हणून ते २ दिवस पाणी बदलत भिजवा. माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अजिबात नको. लावल्यावर ३-४ दिवस पाणी देऊ नका.

पुढे वार ठरवून पाणी घालू नका. मुळं हिरवी दिसताहेत तोवर थांबा. चंदेरी झाली की कुंडी १० मिनिटं पाण्यात ठेवून पूर्ण निथळू द्या. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ही वेळ लवकर येते, पावसाळ्यात बरीच उशिरा. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर लगेच टिपून घ्या, नाहीतर शेंडा कुजतो, आणि शेंडा गेला की रोप वाचवणं फार अवघड. कूलरचा झोत थेट लागू देऊ नका. बोअरिंगच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा.

प्रश्न : माझं फॅलेनोप्सिसचं रोप छान आहे, पानं गडद हिरवी, पण वर्षभरात फुलांचा दांडा आला नाही. – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पानं गडद असणं म्हणजे उजेड कमी. पूर्वेच्या खिडकीशी, सकाळचं कोवळं ऊन मिळेल असं ठेवा. पोपटीकडे झुकणारा रंग बरा. दांडा येण्यासाठी ३-४ आठवडे रात्री १६ ते १८ अंशांचा गारवा लागतो. इंदुरात तो ऑक्टोबरअखेर आपसूक मिळतो. कडाक्याची थंडी पडली की रोप आत घ्या. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा, ओल्या मुळांनाच द्या. नव्या मुळाचं टोक गोल असतं, दांड्याचं चपटं, किंचित टोकदार. दांडा दिसला की कुंडी फिरवू नका. तो उजेडाकडे वळतो आणि दिशा बदलत राहिली तर फुलं वेडीवाकडी लागतात.