ग्राहकांचे प्रश्न : रुखवतातला कुकर आणि नसलेला शिक्का

प्रश्न : गेल्या मार्गशीर्षात मुलीच्या रुखवतात मांडण्यासाठी मी एका ऑनलाइन विक्री संकेतस्थळावरून पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर मागवला होता. आता मुलगी सांगते, की त्यावर आयएसआयचा शिक्काच नाही. असे कुकर सरकारने परत मागवल्याचे मी मागे वाचले होते. मग आम्हाला अद्याप कोणी कळवले कसे नाही? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपण वाचलेली बातमी बहुधा ऑगस्ट २०२२ मधली असावी. घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आणि त्यासोबतचा शिक्का १ फेब्रुवारी २०२१ पासून केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने सक्तीचा झाला. तरीही बिनशिक्क्याचे कुकर आपल्या संकेतस्थळावर विकू दिले, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला २,२६५ आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकरच्या खरेदीदारांना कळवून माल परत घेण्याचा व पैसे परत करण्याचा आदेश दिला आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड ठोठावला. दोन्ही कंपन्या पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

आपल्याला कोणी का कळवले नाही, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. असा आदेश त्या त्या विक्रेत्याने विकलेल्या, मोजलेल्या नगांपुरताच असतो. आपला कुकर त्यानंतर घेतलेला असल्याने तो सदोष असला तरी त्या यादीत येत नाही. ऑनलाइन विक्रेत्याकडे निदान आपले नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक नोंदलेला असतो. आठवडी बाजारात पथारीवरून कुकर विकणाऱ्याकडे तेही नसते, त्यामुळे उद्या त्याचा माल परत मागवायचा ठरवले तरी निरोप कोणाच्या दारी पाठवणार? सदोष माल परत मागवण्याचा अधिकार प्राधिकरणाला देणारे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २० मला महत्त्वाचे वाटते, पण त्याची खरी लंगडी बाजू हीच आहे.

आता आपल्या कुकरविषयी. प्रथम शिक्का खरोखरच नाही ना, हे उजेडात नीट पाहावे, कारण तो कधी कुकरच्या बुडाशी किंवा अंगावर पुसट उमटलेला असतो. खऱ्या शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये हा क्रमांक टाकला, की परवाना कोणाच्या नावावर आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि चालू आहे की नाही, हे दिसते. क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला, तर शिक्का असूनही नसल्यासारखाच समजावा.

शिक्का नसेल तर कुकर वापरणे आजच थांबवावे आणि विक्रेत्याकडे पैसे परत मागावेत. ऑनलाइन खरेदीत पावती आपल्या खात्यातल्या जुन्या मागण्यांमध्ये सापडते. टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्याखेरीज एक वाट फारशी कोणाला ठाऊक नसते. एकाच मालामुळे अनेक ग्राहकांचे हित धोक्यात येत असेल, तर लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते आणि ते चौकशी करून आपला अहवाल प्राधिकरणाला पाठवू शकतात. माल परत मागवण्याचा आदेश प्राधिकरण स्वतःहूनही काढू शकते, तसा तो अशा तक्रारींवरूनही निघू शकतो; आपला कुकर आज यादीत नाही, पण नवी यादी आपल्यासारख्याच कोणाच्या तरी पत्राने सुरू होऊ शकते.

प्रश्न : आमच्या कुकरचे झाकण डाळ शिजताना उडाले आणि माझ्या पत्नीचा हात भाजला. कुकरवर शिक्का होता. दुकानदार म्हणतो, “तुम्हीच नीट वापरला नसेल.” भरपाई मिळेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : मिळू शकते, मात्र कुकर आता घासूपुसू नका आणि भंगारातही देऊ नका. झाकण, शिटी, रबर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत त्या स्थितीत, वाळलेल्या डाळीसकट, पिशवीत घालून ठेवा. दोष साध्या नजरेला ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो, आणि धुतलेल्या झाकणापेक्षा न धुतलेले झाकण तिथे जास्त बोलते. दवाखान्याची कागदपत्रेही जपावीत.

प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. डाळीचा फेस शिटीच्या नळीत अडकला की दाब वाढत जातो आणि मग सारा भार सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो. त्यातला लवकर वितळणारा धातू वितळून वाफेला वाट मिळणे अपेक्षित असते. पुष्कळ घरांत हा व्हॉल्व्ह एकदा गेला, की दुरुस्तीवाला दुसराच कसला तरी बसवून देतो. मी तर त्या भोकात चक्क साधा बोल्ट आवळलेला पाहिला आहे. आपल्या कुकरचे असे काही झाले असेल तर ते लपवू नका, कारण वस्तूत फेरफार केला होता किंवा ती चुकीच्या पद्धतीने वापरली होती, हा कायद्याने विक्रेत्याला दिलेला बचाव आहे. भाग मूळ असतील तर मात्र हा बचाव पुराव्यानिशी मांडावा लागतो. दुकानदाराने गल्ल्यावर बसून नुसते म्हटले, एवढ्याने भागत नाही.

दावा उत्पादकावर करावा. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल तर विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून आणलेला निंजा फूडी हा विजेवरचा कुकर तिथे परत मागवला आहे म्हणे. आम्ही नाशिकमध्ये काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मे २०२५ मध्ये तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ओपी३०० मालिकेतले सुमारे १८ लाख कुकर परत मागवण्याच्या यादीत घातले. आत दाब असतानाच झाकण उघडता येते आणि उकळते अन्न अंगावर उडते, हा त्यातला दोष असून भाजल्याच्या १०६ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. ‘परत मागवणे’ म्हटले तरी येथे अख्खे यंत्र परत द्यायचे नाही, कंपनी नवे झाकण विनामूल्य देते. यंत्रावरच्या पट्टीवर मॉडेल क्रमांक वाचावा आणि तो या मालिकेतला असेल, तर खरेदी तिकडची असल्याने मुलानेच कंपनीकडे नोंदणी करून झाकण मागवावे. ते हाती येईपर्यंत दाबावर शिजवणे पूर्ण बंद ठेवावे. बाकीच्या प्रकारांनी स्वयंपाक करायला आयोगाची मनाई नाही. हे यंत्र तिथल्या १२० व्होल्टच्या विजेसाठी बनवलेले असल्याने ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या प्लगला लावू नये.