शांतता-अनुदानाचे काम नव्याने हाती घेताना

बेलापूरच्या कार्यालयातून दक्षिण सुदानमधील शांतता-अनुदानांचे, म्हणजे जमातींमधील समेटासाठी देणगीदारांनी दिलेल्या पैशांचे, हिशेब पाहण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे, असे आपण लिहिले आहे. दडपण घेऊ नका. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळायच्या असतात.

१. अनुदान करार अथपासून इतिपर्यंत वाचा आणि खर्चाची मुदत, मंजूर शीर्षे (खर्चाच्या बाबी) व एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवण्याची मर्यादा वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. मुदतीनंतरचा खर्च, तो कितीही रास्त असला तरी, देणगीदार सहसा मान्य करत नाही.

२. वाशीत मिळते तसे छापील बिल तिथल्या खेड्यात मागू नका. दिन्का आणि नुएर या तिथल्या दोन जमातींच्या ज्येष्ठांची बैठक झाली, तर हजेरीपत्रक, अंगठ्याचे ठसे आणि नावेच्या भाड्याची साक्षीदाराच्या सहीची हस्तलिखित पावती एवढाच पुरावा हाती येतो. तो चालेल, हे देणगीदाराकडून आधीच लेखी घ्या.

३. नवखे सर्वाधिक चुकतात ते खरेदीत. सर्वांत स्वस्त दर म्हणून प्रत्येक वेळी एकाच जमातीच्या व्यापाऱ्याला काम दिले, तर शांततेसाठी आलेला पैसाच नव्या भांडणाचे कारण ठरतो, आणि हिशेब तपासणाऱ्याला मात्र कागदोपत्री काहीच वावगे दिसत नाही. दरपत्रके दोन्हीकडून मागवा, निवडीचे कारण फाइलीत नोंदवा.

पावसाळ्यात दक्षिण सुदानच्या जोंगलेई राज्यातील अनेक रस्ते बंद होतात, म्हणून अनुदानाचा हप्ता त्याआधी पोहोचेल असे पाहा. विनिमय दरातील तफावत आणि लेखापरीक्षण यांत एवढ्यात शिरू नका.